हिरवा ठिपका कळतो, मग साखर का कळत नाही?

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, एक आदेश काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार न बनवलेल्या कोणत्याही पेयाच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे यापुढे वापरता येणार नाहीत, मागेपुढे दुसरा शब्द जोडूनही नाहीत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी कित्येक वर्षे पाठपुरावा केला होता. जुलाबाने मलूल झालेल्या मुलासाठी आई दुकानात ओआरएस मागायची आणि तिच्या हातात फळाच्या चवीचे गोड पेय पडायचे. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरभर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. या पेयांत साखर त्याच्या कित्येक पट असे. जुलाब चालू असताना एवढी साखर पोटात गेली की ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब थांबण्याऐवजी वाढतो.

या प्रकरणातला एक तपशील फार महत्त्वाचा आहे. प्राधिकरणाने २०२२ मध्येच या नावावर बंदी घातली होती. त्याच वर्षी ती शिथिल झाली आणि ‘हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले ओआरएस नाही’ अशा अर्थाची सूचना छापण्याच्या अटीवर नाव वापरायला परवानगी मिळाली. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ सूचना खोक्यावर होती आणि कायद्याची अट पाळली जात होती. पण मोठ्या अक्षरांतले नाव एक सांगत होते आणि बारीक अक्षरांतली सूचना दुसरेच. घाबरलेल्या आईने नाव वाचले. त्या घाईत दुसरे काय वाचणार होती ती?

खाद्यपदार्थांच्या लेबलांचा विषय निघाला की दोष बहुधा ग्राहकाच्या माथी मारला जातो. लोक वाचत नाहीत, लोकांना आरोग्याची पर्वा नाही, लोकांना शिकवले पाहिजे. शिकवायला हरकत कुणाचीच नाही. पण माहिती छापली की ती पोचली, असे धरून आपल्याकडचे लेबलांचे नियम बांधले गेले आहेत, आणि ते धरणेच चुकीचे आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी दिल्ली आणि हैदराबादमधल्या सुपरमार्केटांतल्या १,८३२ ग्राहकांचा अभ्यास केला होता. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले जवळजवळ ९० टक्के ग्राहक लेबल वाचत होते. ८१ टक्के लोक उत्पादनाची किंवा मुदत संपण्याची तारीख बघत. पोषणाचा तक्ता आणि घटकांची यादी बघणारे मात्र जेमतेम एक तृतीयांश. कारण विचारल्यावर लोकांनी सांगितले की ते तांत्रिक असते, कळत नाही. हे ग्राहक दोन महानगरांतले आणि सुपरमार्केटात जाणारे होते. तालुक्याच्या गावी किराणा दुकानाच्या फळीपलीकडून वाणी जे पाकीट काढून देतो ते घेणाऱ्या माणसाला तर पाकीट उलटे करून बघण्याचीही सवड मिळत नाही. मागे उभा असलेला गिऱ्हाईक घाई करत असतो.

तारीख लोक का वाचतात? ती एकच गोष्ट सांगते आणि तिच्यावरून निर्णय लगेच घेता येतो. तारीख उलटली असेल तर पाकीट परत. तक्त्याचे तसे नाही. त्यात ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण स्निग्धांश, संपृक्त स्निग्धांश, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल, सोडियम अशी उतरंड असते. आकडे शंभर ग्रॅमला, शेवटच्या रकान्यात पुन्हा एका वाढपाची, म्हणजे ‘सर्व्हिंग’ची, टक्केवारी. हे वाचून पुडा घ्यायचा की ठेवायचा, याचे उत्तर मिळवायला दुकानातच गणित मांडावे लागते.

आता हिरव्या ठिपक्याकडे बघावे. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, ही खूण २००१ पासून पाकिटांवर आहे. मांसाहारी पदार्थांवर आधी तपकिरी ठिपका होता. २०२० च्या नियमांनंतर त्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आला, कारण ज्यांना रंगांतला फरक ओळखू येत नाही त्यांनाही आकारावरून कळावे. ही खूण वाचायला कुणी वर्ग घेतले नाहीत, जाहिरातींच्या मोहिमा फार चालवल्या नाहीत. तरी शाळेत न गेलेली आजीसुद्धा चतुर्थीच्या दिवशी नातवाच्या हातातल्या पाकिटावरचा ठिपका ओळखते. पुढच्या बाजूला एक आकार, एक रंग, भाषेची गरज नाही आणि हिशेब नाही. भारतातला ग्राहक लेबल वाचू शकतो, समजून घेऊ शकतो आणि त्यावरून पदार्थ नाकारूही शकतो, याचा पुरावा पंचवीस वर्षे डोळ्यांसमोर आहे. देशाला शाकाहाराची काळजी होती म्हणून तिची खूण पुढे आली. मधुमेहाची आणि रक्तदाबाची तेवढी काळजी आहे का, हा खरा प्रश्न आहे.

उलट या ठिपक्याने एक गैरसमजही रुजवला आहे. हिरवे म्हणजे चांगले, असे अनेकांच्या मनात बसले आहे. बटाट्याच्या वेफर्सवर हिरवा ठिपका असतो, साखरेच्या कोला पेयावर असतो, वनस्पती तुपावर असतो. पदार्थ शाकाहारी आहे, याखेरीज तो ठिपका काहीही सांगत नाही.

मागची बाजू किती अवघड असते ते एका पुड्यावरून बघता येईल. पुढच्या बाजूला नाचणीचे कणीस, एखादे हिरवे पान आणि पौष्टिकतेचे आश्वासन असलेला बिस्किटांचा पुडा कुठल्याही दुकानात मिळतो. मागे घटकांची यादी असते. नियम असा की वजनाने जो घटक सर्वांत जास्त तो आधी, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. अशा पुष्कळ पुड्यांवर पहिले नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असते, म्हणजे मैदा. मग साखर, मग पाम तेल. नाचणी त्यानंतर कुठेतरी येते. पुढे चित्र किंवा नाव ठळकपणे दाखवले असेल तर त्या घटकाची टक्केवारी यादीत द्यावी लागते, हा नियम चांगला आहे. कंसातली ती टक्केवारी एक आकडी किंवा जेमतेम दोन आकडी असल्याचे अनेक पुड्यांवर दिसते. कणीस पुढे हातभर आणि टक्केवारी मागे मुंगीएवढी. कायदा मोडलेला नसतो, पण मुलाच्या डब्यात नाचणी गेली या समाधानात असलेल्या आईच्या हाती प्रत्यक्षात मैद्याचे गोड बिस्किट आलेले असते.

साखरेची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. एकाच पदार्थात साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप अशी वेगवेगळी गोडी घातली तर प्रत्येकीचे नाव यादीत वेगळे येते. प्रत्येकीचे वजन थोडे, त्यामुळे तिची जागाही खालची. सगळी एकत्र केली असती तर कदाचित पहिल्या क्रमांकावर आली असती. गूळ, मध, खजुराचा पाक वापरून ‘रिफाइंड साखर नाही’ असे लिहिणारेही आहेत. रक्तातली साखर वाढताना शरीर गूळ आणि साखर यांच्यात फारसा भेद करत नाही. मधुमेही माणसाला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

मग वाढपाचा प्रश्न. एका वाढपात अमुक टक्के, असे लिहिलेले असते; पण वाढप किती, हे उत्पादक ठरवतो. पाकीट साठ ग्रॅमचे असेल आणि वाढप तीस ग्रॅमचे धरले असेल, तर सगळे आकडे निम्मे दिसतात. पाकीट फोडल्यावर निम्मे ठेवून देणारे मूल कुठल्या घरात आहे? टक्केवारी ज्या मापाशी ताडून काढतात ते माप म्हणजे दिवसाला २,००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम स्निग्धांश, २२ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम. हे प्रौढ माणसाचे माप आहे. सात वर्षांच्या मुलासाठी असलेल्या खाऊवरही तेच लावलेले असते, त्यामुळे टक्केवारी मुलाच्या मानाने कमी दिसते.

सोडियम हा शब्द तर मिठाचा नातेवाईक आहे हेच अनेकांना ठाऊक नसते. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेला माणूस घरी आमटीत चिमूटभर मीठ कमी घालायला लावतो आणि संध्याकाळी चहाबरोबर फरसाण, पापड किंवा झटपट नूडल्स खातो. पाकिटावर मीठ असे लिहिलेले नसते, सोडियम लिहिलेले असते, तेही मिलिग्रॅममध्ये. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ निघते: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. हा गुणाकार प्रत्येक ग्राहकाने पाठ करावा अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा छापणाऱ्यानेच मीठ लिहावे, हे कितीतरी सरळ.

न कळण्याची दुसरी तऱ्हाही आहे. घटकांच्या यादीतल्या आकड्यांची लोकांना भीती वाटते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांनी ६३१ हा क्रमांक म्हणजे डुकराची चरबी, असा समज घरोघरी पसरवला. प्रत्यक्षात तो चव वाढवणारा पदार्थ आहे आणि हिरवा ठिपका असलेल्या पदार्थात प्राण्याच्या मांसापासून किंवा चरबीपासून काढलेला घटक चालतच नाही. ५०० म्हणजे खाण्याचा सोडा. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, जे लिंबातही असते. क्रमांकाला घाबरून पाकीट खाली ठेवणारा माणूस शेजारचे पाकीट उचलतो आणि त्यात साखर दुसऱ्या क्रमांकावर असते. भीती एकीकडे आणि धोका दुसरीकडे, अशी ही परिस्थिती अपुऱ्या माहितीने तयार केली आहे.

पुढच्या बाजूवरच्या दाव्यांचे नियमन २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांनी केले आहे. ‘शुगर फ्री’ म्हणायचे तर शंभर ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नको, ‘लो फॅट’ म्हणायचे तर घन पदार्थाच्या शंभर ग्रॅममध्ये स्निग्धांश तीन ग्रॅमपेक्षा जास्त नको, असे स्पष्ट निकष आहेत. तरी पळवाटा उरतात. जून २०२४ मध्ये प्राधिकरणाला सांगावे लागले की, अर्क पाण्यात मिसळून पुन्हा तयार केलेल्या रसाच्या खोक्यावर ‘१०० टक्के फळांचा रस’ असे छापू नका. त्याविरुद्ध एक मोठी कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. त्याआधी महिनाभर, मे २०२४ मध्ये, राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि त्यांत नैसर्गिक, खरे फळ, साखरमुक्त अशा दाव्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका असे बजावले. खऱ्या फळाचा दावा करणाऱ्या पदार्थात फळाचा गर दहाच टक्के असू शकतो, साखरमुक्त पदार्थ स्निग्धांशाने भरलेला असू शकतो. सरकारचीच संशोधन संस्था लोकांना लेबलापासून सावध राहायला सांगते तेव्हा लेबलाचे नियम पुन्हा लिहायची वेळ आली आहे असे समजावे.

आइस्क्रीमचेच घ्या. नियमाने आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान दहा टक्के हवा. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरले तर पदार्थाला ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणावे लागते. कप तसाच, कोन तसाच, फ्रीज तोच. २०१७ मध्ये या फरकावरून अमूल आणि हिंदुस्तान युनिलिव्हर यांच्यात मुंबई उच्च न्यायालयात वाद झाला, न्यायालयाने अमूलच्या जाहिराती थांबवायला सांगितले. त्या खटल्यात कोण बरोबर हा वेगळा विषय. पण असा काही फरक आहे, ही गोष्ट कित्येक ग्राहकांना त्या भांडणामुळे पहिल्यांदा कळली. ती कपावर इतकी वर्षे लिहिलेली होतीच.

लेबल नीट वाचले गेले तर काय होऊ शकते, हेही दिसले आहे. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटाच्या बरणीवरचे लेबल समाजमाध्यमावर वाचून दाखवले. त्याने प्रयोगशाळेतून काही शोधून काढले नव्हते. बरणीवर छापलेली साखर लोकांना समजेल अशा भाषेत सांगितली होती. कंपनीची कायदेशीर नोटीस आल्यावर त्याने तो व्हिडिओ काढून टाकला, पण त्यानंतर बालहक्क आयोगाने दखल घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस बोर्नव्हिटामधली साखर सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढायला सांगितले. त्याच महिन्यात ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने दाखवून दिले की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकच्या एका वाढपात सरासरी सुमारे तीन ग्रॅम वरून घातलेली साखर असते आणि युरोपातल्या काही देशांत त्याच प्रकारच्या बालआहारात ती नसते. नंतर इथेही साखर न घातलेले प्रकार बाजारात आले. म्हणजे माहिती लोकांपर्यंत खरोखर पोचली की कंपन्या पाककृती बदलतात. कायद्याने बंदी घालण्याचीही गरज पडत नाही.

मग ती पुढच्या बाजूला का छापत नाहीत? या एका प्रश्नाला देशाने दहा वर्षांहून अधिक काळ टोलवले आहे. २०१४ मध्ये तज्ज्ञ समितीने पुढच्या बाजूला माहिती द्यावी अशी शिफारस केली. २०१८ च्या मसुद्यात साखर, मीठ, स्निग्धांश ठरावीक मर्यादेबाहेर असतील तर ते लाल रंगात दाखवावेत असे होते. २०२० मध्ये अंतिम नियम आले तेव्हा तो भाग त्यांत नव्हता. सप्टेंबर २०२२ मध्ये नवा मसुदा आला आणि त्यात लाल रंगाच्या जागी तारे आले: अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत, जितके तारे जास्त तितका पदार्थ चांगला. जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त स्निग्धांश ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला प्राधिकरणाने तत्त्वतः संमती दिली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर तीन महिन्यांत शिफारशी द्या असे सांगितले. मग मुदत वाढवून देण्यात आली.

ताऱ्यांचा प्रस्ताव स्वीकारू नये. त्यात पदार्थातल्या वाईट घटकांचे गुण आणि चांगल्या घटकांचे गुण यांची वजाबाकी होते. साखर तेवढीच ठेवून थोडे तंतू, थोडे दाणे, थोडी प्रथिने वाढवली की तारा वाढतो. ज्या माणसाला साखर वर्ज्य आहे त्याला ही सरासरी काय कामाची? शिवाय अर्धा तारा मिळालेला पदार्थही तारा मिरवतच बाजारात येईल. तारा बघितला की आपल्या मनात शाबासकीच येते, शाळेच्या वहीत मिळालेली.

चिलीने दुसरा मार्ग घेतला. जून २०१६ पासून तिथे साखर, मीठ, संपृक्त स्निग्धांश किंवा उष्मांक मर्यादेबाहेर असलेल्या पदार्थावर पुढच्या बाजूला काळा अष्टकोन येतो आणि त्यात साखर जास्त, मीठ जास्त असे दोन शब्द. जेवढ्या गोष्टी जास्त तेवढे अष्टकोन. असे पदार्थ शाळांत विकायला बंदी, मुलांसाठीच्या जाहिरातींवर बंधने. पहिल्या दीड वर्षात अष्टकोन असलेल्या गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली असे संशोधकांना आढळले. श्रेय एकट्या अष्टकोनाचे नाही, तिन्ही उपायांचे मिळून आहे. पण तिथल्या मुलांनी आयांना दुकानात अष्टकोन दाखवायला सुरुवात केली, कारण मुलालाही तो कळत होता. पेरू, मेक्सिको, इस्राएल हे देश पुढे त्याच वाटेने गेले. ब्रिटनमध्ये २०१३ पासून लाल, पिवळा, हिरवा असे रंग स्वेच्छेने छापले जातात, आणि तिकडे राहणारी मराठी कुटुंबे रोजच्या खरेदीत ते बघतात.

उद्योगांचा आक्षेप ठरलेला आहे: मग चिवडा, लोणचे, पापड, भाकरवडी यांच्यावरही इशारा येईल. येईल, आणि यायला हवा. लोणच्यात मीठ जास्त असते हे लपवण्यासारखे नाही. इशारा म्हणजे बंदी नव्हे. रक्तदाब असलेल्या माणसाने पापड किती खायचा हे त्याने ठरवावे. पण ठरवण्यासाठी त्याला ते दिसायला हवे. बचत गटाच्या बायका पापड-कुरडयांची पाकिटे करतात तेव्हा त्यांच्यावर तपासण्यांचा बोजा पडू नये यासाठी नियमांत सवलत ठेवता येईल. त्यांचे नाव पुढे करून मोठ्या कंपन्यांनी सूट मागू नये.

आता महाराष्ट्रापुरते. अन्नपदार्थाच्या पाकिटावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी असा केंद्राचा नियम आहे. दुसरी भाषा जोडायला मोकळीक आहे, सक्ती नाही. म्हणून बहुतेक पाकिटांवर इंग्रजी असते. त्याच कंपन्या मराठी वाहिन्यांवर आणि वृत्तपत्रांत शुद्ध मराठीत जाहिराती देतात, मराठी आईला उद्देशून बोलतात. विकत घ्या हे मराठीत सांगायचे आणि आत काय आहे ते इंग्रजीत, ही विषमता कुणाला खटकत कशी नाही? महाराष्ट्राने २०२२ मध्ये कायदा बदलून दुकानांच्या पाट्या मराठीत करायला लावल्या, सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुकानदारांना दोन महिन्यांत पाट्या लावा असे सांगितले. त्या पाट्यांसाठी आंदोलने झाली, काचा फुटल्या. पाटीखाली दुकानात मांडलेल्या पाकिटावरचे ‘शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी खाऊ नये’ हे वाक्य मराठीत असावे, अशी मागणी घेऊन मात्र कुणी रस्त्यावर उतरलेले दिसले नाही. पाटी मराठीत नसल्याने कुणाचा जीव जात नाही. ॲलर्जीची सूचना न कळल्याने जाऊ शकतो.

लहान पाकिटांकडेही लक्ष द्यायला हवे. वेष्टनाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल तर घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता त्यावर छापण्यातून सूट मिळते. ती माहिती बाहेरच्या मोठ्या पॅकवर असली की पुरते. मोठा पॅक दुकानदाराकडे असतो. शाळेच्या फाटकाबाहेर रुपया-दोन रुपयांची गोळी, चॉकलेट, पुडी विकत घेणाऱ्या मुलाच्या हातात माहितीच नसलेला तुकडा येतो. गरिबाचे मूल सर्वांत लहान पाकीट घेते, आणि नेमके तेच कोरे असते. एका काळ्या खुणेला मात्र तिथेही जागा होऊ शकते. हिरव्या ठिपक्याला झालीच ना?

हा सगळा प्रश्न शहरी चोखंदळांचा आहे असे कुणाला वाटत असेल तर आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बघावेत. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात, २६.४ टक्के. तिथल्या दर चार प्रौढांपैकी एकाला साखर जपून खायची आहे. त्याला जपायचे आहे, पण त्याच्या हातातले पाकीट त्याला मदत करत नाही.

त्यामुळे मागण्या तीनच आहेत आणि त्या अवघड नाहीत. ताऱ्यांऐवजी पुढच्या बाजूला इशाऱ्याची खूण यावी, सर्वांत लहान पाकिटावरही. सोडियमबरोबर मीठही लिहावे. आणि ॲलर्जी, घटक आणि इशारा हे तिन्ही ज्या राज्यात विक्री होते तिथल्या भाषेत असावेत. पहिल्या दोन गोष्टी केंद्राच्या हातात आहेत. तिसरीसाठी महाराष्ट्र आणि गोवा सरकारांनी केंद्राकडे आग्रह धरावा, आणि नियम बदलेपर्यंत कंपन्यांनी स्वतःहून सुरुवात करावी. त्यांना आजही कुणी अडवलेले नाही.

तोवर वाचकांनी पाकीट उलटे करायची सवय लावून घ्यावी. घटकांतली पहिली तीन नावे वाचावीत. साखरेच्या ग्रॅमना चारने भागावे, तेवढे चमचे साखर त्यात आहे. आकडे शंभर ग्रॅमचे आहेत की एका वाढपाचे, ते बघावे आणि स्वतःच्या घरात ते पाकीट एका बैठकीत किती संपते याच्याशी ताडावे. दुकानदाराने घाई केली तरी थांबावे. दावा खोटा वाटला किंवा मुदत खाडाखोड केलेली दिसली, तर पाकीट आणि पावती जपून ठेवावी आणि तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे तक्रार मराठीत नोंदवता येते.